फोर्ट मॅरिअन येथील बंदिवानांच्या चित्रवह्या

फ्लॉरिडा प्रांतीं सेंट ऑगस्टीन येथें समुद्रकांठीं स्पॅनिश लोकांनीं इ. स. १६७२ ते १६९५ या काळांत बांधिलेला एक किल्ला आहे. १८२५ पासून १९४२ पर्यंत त्यास फोर्ट मॅरिअन हें नांव होतें. रेड रिव्हरचें युद्ध आटोपल्यावर १८७५ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या लष्करानें या किल्ल्यांत ७२ मूलनिवासी आणून ठेविले. त्यांत शायेन व कायोवा यांचा भरणा अधिक होता. खटला कोणावरही चालला नाहीं. १८७८ च्या एप्रिलांत सुटका होईपर्यंत त्यांच्यापैकीं कांहींनीं जीं चित्रें काढिलीं, तीं इतिहासाचें साधन म्हणून कशीं वाचावींत एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

या चित्रांस 'खतावणी-चित्रें' म्हणण्याचा प्रघात आहे. मैदानी प्रदेशांतील पुरुष पूर्वीं आपले पराक्रम बायसन म्हणजे तिकडील रानगव्याच्या कातड्यावर रंगवीत. गव्यांचा संहार झाला, कातडें दुर्मिळ झालें, आणि व्यापाऱ्यांकडून अगर छावण्यांतून हातीं आलेल्या जमाखर्चाच्या वह्यांनीं त्याची जागा घेतली. फोर्ट मॅरिअनच्या बहुतेक वह्या मात्र विकतच्या कोऱ्या चित्रवह्या आहेत. आंकडे मांडलेला कागद नाहीं एवढ्यावरून संग्राहकानें त्यांविषयीं शंका घेऊं नये.

या चित्रांची एक लिपीच आहे. घटना सामान्यतः उजवीकडून डावीकडे सरकते. घोडा कोठून आला तें टापांच्या ठशांनीं दाखवितात. माणसाच्या डोक्यावर लहानशी आकृति काढून ती रेघेनें त्याच्याशीं जोडिली असेल, तर तें त्याचें नांव समजावें. आपल्या कागदांवरील शिक्क्याचें काम ही आकृति करिते. इंग्रजी मथळे पुष्कळदां दुसऱ्याच्या हातचे असतात. मथळा आणि आकृति यांत विरोध आल्यास मीं तरी आकृतीसच प्रमाण मानीन.

कैद्यांचा अधिकारी लेफ्टनंट रिचर्ड हेन्री प्रॅट होता. त्यानें बेड्या काढविल्या, केंस कापविले, लष्करी गणवेष चढविला आणि इंग्रजीचे वर्ग सुरू केले. कागद, पेन्सिली व रंगही त्यानेंच पुरविले. शहरांत येणारे प्रवासी एकेक वही साधारणतः दोन डॉलरांस विकत घेत. कांहीं वह्या प्रॅटनें वजनदार लोकांकडे धाडिल्या. म्हणजे कागद देणारा बंदिपाल, आणि चित्र घेणारा गोरा पाहुणा. लढायांचीं चित्रें येथें विरळ आहेत. शिकार, छावणी, नाच, आगगाडीचा प्रवास, किल्ल्याचा तट, वर्गांत बसलेले कैदी हे विषय पुष्कळ. यावरून कैद्यांनीं आपला पूर्वेतिहास टाकून दिला असें अनुमान जे काढितात, ते ग्राहक कोण होता हें विसरतात. याच प्रॅटनें पुढें १८७९ सालीं कार्लाइल येथें शाळा काढिली व मूलनिवासी मुलांस त्यांच्या भाषेपासून तोडिलें.

वोहॉ या कायोवा बंदिवानाचें १८७७ चें एक चित्र मिसूरी येथील ऐतिहासिक संस्थेच्या संग्रहीं आहे. एका बाजूस बायसन, दुसऱ्या बाजूस पाळीव बैल; मध्यें उभा असलेला पुरुष दोघांपुढेंही चिलीम धरितो. त्याचा एक पाय नांगरलेल्या जमिनीवर आहे आणि डोक्यावर चित्रकाराचेंच नांव लिहिलेलें आहे. कित्येकांस यांत नव्या राहणीचा स्वीकार दिसतो. मला तसें वाटत नाहीं. दोहोंस चिलीम देणाऱ्यानें एकासही सोडिलेलें नाहीं.

बंदिवासानें कलेंत काय बदललें हें ठरविण्यास पूर्वीचें काम हातीं असावें लागतें. हाउलिंग वुल्फ या शायेन चित्रकाराच्या बाबतींत ही सोय आहे. कैदेपूर्वीं त्यानें काढिलेली मानली जाणारी चित्रें ओबर्लिन कॉलेजच्या संग्रहालयांत आहेत. इतरत्र अडचण पडते ती विक्रेत्यांमुळें. वह्या फोडून पानें सुटीं विकलीं गेलीं, आणि पानाबरोबर त्याची जागाही गेली. बखरीचें मधलेंच पान हातीं आलें म्हणजे काय अवस्था होते हें वाचकांस सांगावयास नको. झोटॉम व हाउलिंग वुल्फ यांनीं १८७७ त ईव्हा स्कॉट हिच्यासाठीं काढिलेल्या दोन वह्या सुदैवानें टिकल्या व १९६९ सालीं छापून निघाल्या. सुटें पान मिळाल्यास पाठची बाजू, शिवणीचीं छिद्रें, पृष्ठांक व कागदाचें माप टिपून ठेवावें. सान डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठानें अनेक वह्यांच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या आहेत, त्यांशीं तें ताडून पाहतां येतें.