मातीतून तळव्यात, तळव्यातून फुप्फुसात!

हुकवर्म म्हणजे अंकुशकृमी. लांबी जेमतेम एक सेंटीमीटर, मुक्काम लहान आतड्यात. पण तिथवर पोचायला तो जो वळसा घालतो, तो ऐकून थक्क व्हायला होतं.

विष्ठेबरोबर जमिनीवर पडलेली अंडी एक-दोन दिवसांत फुटतात. ओलसर, सावलीतली माती मिळाली की आठवड्याभरात अळी शिरकावाला तयार. यापुढे ती काही खात नाही. अनवाणी पायाची वाट बघत कित्येक आठवडे तग धरते. पाय पडला की कातडीतून रक्तात, रक्तातून हृदयात, मग फुप्फुसात, श्वासनलिकेने वर घशाशी आणि आवंढ्याबरोबर थेट पोटात!

या वाटेचा छडा लागला तो हातावरच्या खाजेमुळे. एकोणिसावं शतक संपत आलं होतं. कैरोत आर्थर लूस हे जर्मन शास्त्रज्ञ गिनीपिगच्या तोंडात अळ्यांचं पाणी सोडत होते, त्यातलं थोडं त्यांच्याच हातावर सांडलं. जागा लाल झाली, खाजू लागली. लूस यांनी स्वतःची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि काही आठवड्यांनी तीत अंडी सापडलीच! किडा पोटात जातो तो तोंडावाटेच, हा समज तिथे ढासळला. दुसरा कुणी हात धुऊन कामाला लागला असता. लूस यांच्या चिकाटीला दादच द्यायला हवी.

त्याआधी 1880 मध्ये आल्प्स पोखरून निघालेल्या गॉटहार्ड बोगद्यातले मजूर पांढरेफटक पडत होते. बोगद्यात ऊब, ओल आणि शौचालयाचा पत्ता नाही. तूरिनच्या एदोआर्दो पेरॉन्चितो यांनी या रक्तक्षयामागे हाच किडा असल्याचं दाखवलं.

कुत्र्या-मांजरांच्या हुकवर्मची एक जात माणसाच्या कातडीत शिरते खरी, पण खोल जाऊ शकत नाही. वरच्या थरातच भरकटते आणि मागे लाल, नागमोडी, भयंकर खाजणारी रेघ उमटते. रोज थोडी पुढे सरकणारी! भटकी कुत्री फिरतात त्या किनाऱ्यांवर ओल्या वाळूत अनवाणी चालण्याने किंवा उघड्या अंगाने बसण्या-लोळण्याने हे होतं. डॉक्टरांच्या गोळीने ते लवकर बरं होतं.

आतड्यात चावलेल्या जागी रक्त गोठू नये म्हणून कुत्र्यांचा हुकवर्म एक प्रथिन सोडतो. त्यावरून बनवलेल्या औषधाच्या माणसांवर चाचण्याही झाल्या आहेत.

पण या किड्यापायी खरा जीव जातो तो कुत्र्याच्या पिल्लांचा. आईच्या स्नायूंत झोपलेल्या अळ्या ती गाभण राहिली की जाग्या होतात आणि दुधातून पिल्लांच्या पोटात उतरतात. म्हणून आईच्या तपासणीत काही न सापडताही पिल्लं आजारी पडू शकतात. विष्ठेत अंडी दिसण्याआधीच पिल्लू दगावतं, असंही होतं. पिल्लाचा ओठ हळूच वर करून हिरडी बघा. ती गुलाबी हवी. पांढुरकी असेल, शी डांबरासारखी काळी असेल, पिल्लू पेंगत असेल, तर पशुवैद्याकडे जाणं उद्यावर ढकलू नका.

पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की पशुवैद्याकडून वजनानुसार जंताचं औषध सुरू करा, दर दोन आठवड्यांनी पुन्हा द्या, आईलाही द्या. आणि कुत्र्याची शी त्याच दिवशी उचला, म्हणजे अळीला आठवडा मिळणारच नाही.