‘रिस्पॉन्सिबल फॉर’ म्हणजे नेमकं काय केलंत?

कुठल्याही इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमा कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक तयार रेझ्युमे असतो. दुकानदार नाव, पत्ता आणि टक्के बदलून देतो, बाकी मजकूर तोच. वर ‘टु वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट’, मध्ये ‘हार्डवर्किंग, ऑनेस्ट, टीम प्लेअर’, खाली ‘हॉबीज : लिसनिंग म्युझिक, प्लेइंग क्रिकेट’ आणि शेवटी ‘आय हिअरबाय डिक्लेअर’. कॅम्पसला आलेल्या एचआरच्या टेबलावर अशा कागदांचा गठ्ठा पडतो. सगळेच आव्हानात्मक वातावरणात काम करायला उत्सुक असतात. कोणाला काय येतं, ते मात्र कळत नाही.

यात दोष एकट्या दुकानदाराचा नाही. रेझ्युमेची भाषा कशी असावी याबद्दल काही समजुती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, तर काही अलीकडे यूट्यूबवरून आल्या आहेत.

‘शब्द भारी, तर रेझ्युमे भारी’

हा सगळ्यांत पक्का गैरसमज. ‘स्पिअरहेडेड’, ‘ऑर्केस्ट्रेटेड’, ‘लेव्हरेज्ड’ अशा क्रियापदांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरत असतात. ओळीची सुरुवात क्रियापदाने करावी, हा सल्ला चुकीचा नाही. पण क्रियापदाला वजन येतं ते त्याच्या पुढे काय लिहिलंय त्यामुळे.

समजा, चाकणच्या एका कारखान्यात तीन वर्षं व्हीएमसी मशीनवर काम केलेला डिप्लोमाधारक आहे. त्याच्या रेझ्युमेत बहुधा एवढंच असतं : ‘रिस्पॉन्सिबल फॉर प्रॉडक्शन, क्वालिटी अँड मेंटेनन्स’. यादी वाचून तो ही ओळ सुधारतो आणि ती होते : ‘स्पिअरहेडेड ऑपरेशनल एक्सलन्स अक्रॉस मॅन्युफॅक्चरिंग व्हर्टिकल्स’. आधी थोडं तरी कळत होतं, आता तेही गेलं.

त्यालाच कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता विचारा, ‘तू दिवसभर करतोस काय रे?’ तो म्हणेल, ‘फॅनुक कंट्रोलच्या दोन व्हीएमसी माझ्याकडे आहेत. पंप हाउसिंग काढतो. सेटिंग मीच करतो, ऑफसेट मीच देतो. बोअर गेज, हाइट गेज येतं. फिक्स्चर बदलायला लावलं, तेव्हापासून सेटिंगचा वेळ पन्नास मिनिटांवरून पस्तिसावर आलाय.’

झाला की रेझ्युमे तयार! हेच साध्या इंग्रजीत उतरवायचं. ‘ऑपरेटेड अँड सेट टू व्हीएमसी मशीन्स विथ फॅनुक कंट्रोल’ ही एक ओळ, आणि ‘रिड्यूस्ड सेटिंग टाइम फ्रॉम ५० टु ३५ मिनिट्स विथ अ न्यू फिक्स्चर’ ही दुसरी. ‘ऑपरेटेड’, ‘सेट’, ‘रिड्यूस्ड’ हे शब्द शाळकरी पोरालाही येतात. पण प्रॉडक्शन मॅनेजरच्या डोक्यात लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : ‘फिक्स्चरमध्ये नेमका काय बदल केलास?’ असा प्रश्न पडावा आणि उमेदवाराकडे त्याचं उत्तर असावं, यासाठीच रेझ्युमेतली ओळ लिहायची असते.

विशेषणांची गत तर याहून वाईट. ‘ऑनेस्ट’ लिहिलेला माणूस प्रामाणिक असेलही, पण नसलेलाही तेच लिहितो. जे कोणीही लिहू शकतो आणि जे तपासता येत नाही, ते वाचणारा सोडून देतो.

‘आमच्या कामात आकडे नसतात’

आकडे म्हटलं की लोकांना टक्केवारी आठवते. विक्री इतक्या टक्क्यांनी वाढवली, खर्च इतक्या टक्क्यांनी घटवला, वगैरे. हिशेबनीस, परिचारिका, शिक्षक यांना वाटतं, हे आपल्यासाठी नाही. पण किती, किती वेळा आणि केवढ्या आकाराचं, हेही आकडेच आहेत. ‘टॅली अँड जीएसटी वर्क’ ऐवजी ‘४० व्यापाऱ्यांचे जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी दरमहा भरले’ असं लिहिलं की कामाचा आवाका दिसतो. ‘आयसीयू एक्स्पीरियन्स’ ऐवजी ‘१२ खाटांचा आयसीयू, रात्रपाळी, व्हेंटिलेटरवरील रुग्णांची देखभाल’ लिहा. मेट्रनला हेच हवं असतं.

मात्र नसलेला आकडा ओढूनताणून आणू नये. ‘कार्यक्षमता ३० टक्क्यांनी वाढवली’ अशी ओळ दिसली की मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, ‘मोजली कशी?’ तिथे ततपप झालं तर बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

‘आपणच आपली टिमकी वाजवू नये’

याबद्दल फारसं बोललं जात नाही, पण आपल्या मराठी माणसाचं सगळ्यांत जास्त नुकसान याच समजुतीने होतं, असं माझं मत आहे. स्वतःबद्दल बोलणं म्हणजे फुशारकी, हे लहानपणापासून मनावर बिंबलेलं असतं. त्यामुळे काम एकट्याने ओढलं असलं तरी रेझ्युमेत ‘इन्व्हॉल्व्ड इन’ येतं. ‘असिस्टेड’ येतं. ‘वॉज अ पार्ट ऑफ टीम’ येतं. वाचणाऱ्याला यातला विनय दिसत नाही. टीममध्ये दहा जण होते आणि हा त्यांतला एक, एवढंच त्याला दिसतं.

दुसऱ्या टोकाला थेट ‘लेड अ टीम’ लिहिणारे असतात. प्रत्यक्षात टीमलीडर रजेवर असताना आठवडाभर हजेरी घेतलेली असते.

दोन्हीवर उपाय एकच. टीमचं काम टीमचं म्हणून लिहा आणि त्यात आपला वाटा कोणता, तो वेगळा काढा. ‘सहा जणांच्या टीमने बिलिंगची नवी प्रणाली बसवली; त्यातला जुना डेटा नव्या प्रणालीत आणण्याचं काम माझ्याकडे’ या ओळीत फुशारकी नाही आणि लपवाछपवीही नाही. लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर समोरचा लागोपाठ दोन प्रश्न विचारणार आहे, असं समजून ती ओळ वाचून पाहा. ज्या ओळीवर दुसऱ्या प्रश्नाला अडखळाल, ती बदला किंवा काढून टाका.

‘७५ टक्के रेझ्युमे सॉफ्टवेअरच फेकून देतं’

हा आकडा इतक्या ठिकाणी छापला गेलाय की तो खराच वाटतो. त्याचा माग काढणाऱ्यांना मूळ सापडलं ते अमेरिकेतल्या रेझ्युमे सुधारून देणाऱ्या एका कंपनीच्या प्रचारात. ती कंपनी २०१३ मध्ये बंद झाली आणि आकड्यामागे कुठलाही प्रसिद्ध झालेला अभ्यास नाही.

हे सॉफ्टवेअर म्हणजे एटीएस, अर्ज सांभाळणारी प्रणाली. ती रेझ्युमेतला मजकूर वाचून नाव, शिक्षण, अनुभव, कौशल्यं अशा खान्यांत मांडते आणि त्यातून शोधायची सोय देते. अर्ज आपोआप बाद होतात ते बहुतेकदा फॉर्ममधल्या थेट प्रश्नांमुळे, उदाहरणार्थ किमान अनुभवाची किंवा पात्रतेची अट. शब्दांची निवड बिघडली तर बहुधा बाद होण्याऐवजी न सापडण्याची वेळ येते. नौकरी डॉट कॉम १९९७ पासून चालू आहे आणि तिथे रिक्रूटर सर्च करून माणसं शोधतो. तो ‘पीएलसी प्रोग्रॅमिंग’ टाइप करणार असेल आणि तुम्ही नुसतं ‘ऑटोमेशन एक्स्पर्ट’ लिहिलं असेल, तर गाठ पडणं कठीण.

शाळेतल्या निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नका, असं शिकवतात. इथे ते विसरायचं. जाहिरातीत ‘अकाउंट्स पेएबल’ असेल आणि ते काम तुम्ही केलं असेल, तर तोच शब्द लिहा, प्रतिशब्द शोधत बसू नका. संक्षेप आणि पूर्ण रूप दोन्ही एकेकदा द्या. पण पांढऱ्या अक्षरांत शंभर कीवर्ड लपवण्याची युक्ती मात्र करू नका. मजकूर काढून घेतला की पांढरी अक्षरंही वाचणाऱ्यासमोर उघडी पडतात.

पीडीएफ चालत नाही, हीसुद्धा अशीच एक अफवा. वर्डमधून थेट काढलेली पीडीएफ सहसा चालते. अडचण येते ती मोबाइलवर फोटो काढून बनवलेल्या पीडीएफची, कारण त्यात मजकूर नसतो, नुसतं चित्र असतं. मराठीत अर्ज करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी दुसऱ्या यंत्रावर निरर्थक अक्षरांचा ढीग होऊन बसतं. युनिकोडमध्येच टाइप करा.

‘सहा सेकंदांत निकाल लागतो’

हे अर्धसत्य आहे. अमेरिकेतल्या लॅडर्स या नोकरीविषयक कंपनीने २०१२ मध्ये ३० रिक्रूटरांच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा पहिल्या नजरेला सुमारे सहा सेकंद लागतात असं दिसलं. २०१८ मध्ये त्याच कंपनीने हा वेळ ७.४ सेकंद मोजला. हा वेळ पहिल्या चाळणीचा. त्यात नजर जाते ती नाव, सध्याचं पद आणि कंपनी, आधीचं पद, तारखा आणि शिक्षण यांवर. चाळणीतून वर राहिलेला रेझ्युमे नंतर नीट वाचला जातो. म्हणून पद, कंपनी आणि तारखा स्वच्छ, एका ओळीत दिसाव्यात आणि त्या पदाखालची पहिली ओळ सगळ्यांत दमदार असावी. रंगीत पट्ट्या आणि कौशल्याचे पाच तारे यांचा इथे काही उपयोग नाही. ‘एक्सेल : चार तारे’ म्हणजे किती येतं, हे कोणीच सांगू शकत नाही. ‘पिव्होट टेबल, व्हीलुकअप’ लिहिलं की प्रश्न मिटला.

‘एकदा बनवला की सगळीकडे तोच’

लिओनार्दो दा विंचीने १४८२ च्या सुमाराला मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे नोकरीसाठी लिहिलेल्या पत्राला हौसेने जगातला पहिला रेझ्युमे म्हणतात. ‘पहिला’ हे कोणी सिद्ध केलेलं नाही, पण पत्राचा मसुदा ‘कोडेक्स अटलांटिकस’मध्ये जपलेला आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. स्फोर्झाला युद्धाची काळजी होती. म्हणून पत्रात आधी येतात हलवता येणारे हलके पूल, वेढ्याची साधनं, तोफा, झाकलेली रणवाहनं. शांततेच्या काळातली कामं, म्हणजे इमारती आणि पाणी वाहून नेणं, त्यानंतर. आपण शिल्प घडवतो आणि चित्रंही काढतो, हे अगदी शेवटी. पुढे ‘द लास्ट सपर’ रंगवणाऱ्या माणसाने चित्रकलेला शेवटची जागा दिली, कारण समोरच्याची गरज वेगळी होती. दर अर्जाला सगळा रेझ्युमे नव्याने लिहायची गरज नाही. वरचा तीन ओळींचा सारांश आणि मुद्द्यांचा क्रम बदलला तरी पुष्कळ झालं.

आता काही छोटे गैरसमज

वडिलांचं नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती हे खासगी नोकरीच्या रेझ्युमेत लागत नाही. ते लग्नाच्या बायोडेटात शोभतं. ‘आय हिअरबाय डिक्लेअर’ ही ओळ खासगी नोकरीच्या रेझ्युमेत असलीच पाहिजे, असा कुठलाही कायदा नाही. एमपीएससी किंवा सरळसेवा भरतीत ठरलेला ऑनलाइन अर्ज असतो आणि घोषणा त्यातच असते, तिथे रेझ्युमेच्या शब्दांना वावच नाही. परदेशाचं मात्र एकच माप नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये फोटो लावत नाहीत. आखाती देशांत फोटो आणि व्हिसाची स्थिती बहुधा अपेक्षित असते. जर्मनीत २००६ च्या समान वागणूक कायद्यानंतर फोटोची सक्ती करता येत नाही, तरी तो लावण्याची पद्धत टिकून आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केल्यापासून आयटीआयवाल्यांनाही हा प्रश्न पडू लागलाय. त्यांनी तक्त्यासारखी, महिना-वर्षासह तारखा असलेली मांडणी करावी.

‘गॅप’ तारखांच्या खेळात लपवता येते, हाही भ्रमच. ईपीएफओच्या यूएएनमुळे पीएफ कापल्या गेलेल्या नोकऱ्यांच्या रुजू होण्याच्या आणि सोडण्याच्या तारखा नोंदलेल्या असतात आणि पडताळणी करणारे त्या पाहतात. ‘२०१९–२०२२ : मुलाच्या संगोपनासाठी विराम, या काळात जीएसटीचा कोर्स पूर्ण’ अशी सरळ ओळ जास्त चांगली. लिंक्डइननेही २०२२ पासून अशा विरामासाठी प्रोफाइलमध्ये वेगळी जागा दिली आहे.

‘चॅटजीपीटी लिहून देईल’

एमआयटीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या एका बाजारपेठेत नव्याने आलेल्या सुमारे पाच लाख उमेदवारांपैकी निम्म्यांना रेझ्युमे लिहिताना स्पेलिंग, व्याकरण आणि स्पष्टतेबाबत सूचना देणारी मदत मिळाली. त्यांना काम मिळण्याचं प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी जास्त निघालं. म्हणजे यंत्राकडून चुका काढून घेणं हिताचं आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मात्र या मदतीत उमेदवाराचा अनुभव उमेदवारानेच लिहिला होता. ‘माझा रेझ्युमे बनव’ एवढंच सांगितलं, तर यंत्र झेरॉक्सच्या दुकानातलाच तयार कागद जरा चकचकीत इंग्रजीत काढून देतं, आणि वर न केलेल्या कामाचे आकडेही घालून ठेवतं. आधी मराठीत, बोलल्यासारखं, काय काय केलं ते लिहून काढा. मग ते इंग्रजीत करून घ्या आणि प्रत्येक ओळ आपली आहे ना, ते पाहा.

शेवटची तपासणी बहुतेक जण इंग्रजीच्या सरांकडून करून घेतात. ती करावीच, पण त्याआधी तुमच्याच कामातल्या एखाद्या जुन्या माणसाला रेझ्युमे वाचायला द्या. कुठली ओळ पोकळ आहे, ते तो लगेच सांगेल. आणि पाठवण्यापूर्वी वरचा मोबाइल नंबर एकदा स्वतः लावून पाहा.