कानाची पाळी आणि बुगडीची जागा

‘सोनारानेच कान टोचावे’ ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. ज्याचे काम त्यानेच करावे, एवढाच आपण तिचा अर्थ घेतो. आज मात्र मी ती म्हण अगदी शब्दशः घेणार आहे. कान टोचायचा म्हणजे कानाचा कोणता भाग टोचायचा, आणि जागा बदलली की काय काय बदलते, हे आपण पाहू.

बाळाचे कान टोचणे हा आपल्याकडचा फार जुना संस्कार. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय याच विषयाला दिलेला आहे. मूल सहा-सात महिन्यांचे झाले की त्याला मांडीवर बसवावे, खेळण्यांत रमवावे, पाळी उन्हासमोर धरावी आणि जेथून उजेड आरपार दिसतो त्या जागी सुई घालावी, असे त्यात सांगितले आहे. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा आधी. भलत्या जागी सुई गेली तर सूज, वेदना आणि ताप येतो, हा इशाराही आहे. पुढे त्याच अध्यायात तुटलेली पाळी जोडण्याचे १५ प्रकार दिले आहेत. मात्र लक्षात घ्या, हे सारे वर्णन पाळीचे आहे, म्हणजे कानाच्या खालच्या मऊ, लोंबत्या भागाचे.

पण आपले दागिने पाळीवर थांबले नाहीत. पेशवाईतले पुरुष कानाच्या वरच्या भागात भिकबाळी घालीत. बायका वरच्या कडेला बुगडी घालीत. १९५९ सालच्या ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटातल्या लावणीने तर बुगडी घरोघरी नेली. मधल्या काळात ती मागे पडली होती. आता शाळा-कॉलेजातल्या मुलींना आणि मुलांनाही कानाचा वरचा भाग टोचून घ्यायची पुन्हा हौस वाटू लागली आहे. हौस वाईट नाही. पण ही जागा वेगळी आहे.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. माझ्या बहिणीच्या मुलीने एका जत्रेत बुगडीसाठी कान टोचून घेतला. आठव्या दिवशी कान लाल झाला, तापू लागला. घरच्यांनी हळद लावली, तेल सोडलं, शेक दिला. कुणाला विचारून दुकानातून गोळ्या आणल्या. बाराव्या दिवशी पोर डॉक्टरांकडे पोचली, तेव्हा आत पू झाला होता. पू काढला, दुखणं थांबलं. पण कानाची वरची कमान आत वळली ती वळलीच. आता ती त्या बाजूला केस पुढे ओढून बसते. मला तिने एकच विचारले, “मामा, पाळी टोचली तेव्हा चार दिवसांत दुखायचं थांबलं होतं. मग आताच असं का झालं?”

तिच्या प्रश्नाचे उत्तर ऐका. पाळी ही नुसती कातडी आणि चरबी. तिच्यात रक्तवाहिन्यांचे जाळे असते. कसदार जमिनीत पाट खेळवावा तसे तिथे रक्त खेळते आणि जखम सहा ते आठ आठवड्यांत भरते. वरचा कान मात्र कूर्चेचा बनलेला आहे. कूर्चा म्हणजे हाडापेक्षा मऊ, वाकणारा, पण घट्ट पदार्थ. बोटाने कान दुमडून सोडा, तो पुन्हा सरळ होतो, ते कूर्चेमुळे. या कूर्चेत स्वतःची एकही रक्तवाहिनी नसते. तिच्यावर एक पातळ आवरण चिकटलेले असते आणि त्यातून पाझरेल तेवढ्यावरच ती जगते. म्हणून तिथली जखम भरायला तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत वेळ लागतो.

झाडाची साल खोडाभोवती सोलली तर झाड वाळते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. कानाचे तसेच आहे. आत पू साठला की आवरण कूर्चेपासून सुटते, कूर्चेचे पोषण तुटते आणि ती काही दिवसांत मरते. कानाचा सांगाडाच गेला की कान आक्रसतो. तालमीतल्या पैलवानांचे जाड, मोडलेले कान तुम्ही पाहिले असतील. तिथे पू नसतो, मार बसून रक्त साठते. पण आवरण सुटण्याची क्रिया तीच.

हा पू करणारे जंतू पुष्कळदा ‘स्युडोमोनास’ या जातीचे असतात. ते ओलाव्यात राहतात: नळाच्या मोरीत, साठवणीच्या पाण्यात, फार दिवस उघड्या ठेवलेल्या औषधाच्या बाटलीतही. २००० साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात एका दागिन्यांच्या दुकानात कान टोचून घेतलेल्या सात जणांना याच जंतूंची लागण ठरली. चौघांना रुग्णालयात ठेवावे लागले. शोध घेता जंतू सापडले ते जंतुनाशकाच्या बाटलीत आणि हात धुण्याच्या जागी! नेहमीच्या पुष्कळशा गोळ्या या जंतूंवर चालत नाहीत. म्हणून दुकानातून गोळ्या आणून वाट पाहणे घातक.

मग बुगडी घालूच नये का? तसे मी म्हणत नाही. दाबाची बुगडी मिळते, तिला छिद्र लागत नाही. टोचायचेच असेल तर सुई नवी, बंद पाकिटातली, तुमच्या डोळ्यांदेखत उघडलेली हवी. एकाची सुई दुसऱ्याला वापरल्यास कावीळ ब, कावीळ क आणि एच.आय.व्ही. यांचा धोका असतो. वरच्या कानाला ‘गन’ लावू देऊ नका. ती बोथट खिळा जोराने ठोकते, त्याने कूर्चा चिरडते. पहिला दागिना चोख सोन्याचा किंवा टायटॅनियमचा असावा. हलक्या दागिन्यातल्या निकेलने अनेकांना खाज आणि चिघळ येते. सुजेला जागा राहील इतका तो सैल हवा. धनुर्वाताची लस झाली आहे ना, ते पाहा. मधुमेह असेल किंवा जखमेचे वण फुगण्याची खोड असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

टोचल्यावर हात धुतल्याशिवाय कानाला बोट लावू नका. पेलाभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ घालून त्याने जागा दिवसातून दोनदा पुसा आणि कोरडी करा. हळद, तेल, कडुलिंबाची काडी यांपैकी काही नको. दागिना फिरवीत बसू नका. त्या कुशीवर झोपू नका. जखम भरेपर्यंत विहिरीत, ओढ्यात, तळ्यात डुंबणे बंद.

आता शिक्षकांना एक विनंती. वर्गात एखाद्या मुलीचा कान लाल दिसला तर एक खूण पाहा. वरचा कान लाल, सुजलेला, गरम आणि हात लावू न देणारा, पण खालची पाळी मात्र नेहमीसारखी, असे दिसले तर आवरणाला लागण झाली असे समजा. त्याच दिवशी तिच्या आईवडिलांना निरोप धाडा आणि दवाखान्यात पाठवायला लावा. दागिना आपण ओढून काढू नका. ते डॉक्टर ठरवतील. शाळेत १० आणि १६ वर्षांच्या मुलांना धनुर्वात-घटसर्पाची लस देतात, तेव्हा दोन वाक्ये याविषयीही सांगता येतील. मुलगी घरच्यांच्या नकळत कान टोचून आली असेल तर ती दुखणे लपवते, आणि लपवण्यातच दिवस जातात. तिला रागावणे नंतरही जमेल, आधी दवाखाना.

माझ्या भाचीला कुणी आठव्या दिवशीच विचारले असते तर तिचा कान बहुधा वाचला असता. कोणाचे कान टोचणे म्हणजे त्याला वेळीच दोन शब्द सुनावणे, असाही आपल्या मराठीत अर्थ आहे. तेवढे काम मात्र सोनाराचे नाही; ते तुमचे आणि माझे आहे.