घरच्या कोंबडीचे आजारपण

लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावात कोंबडी ही घरधनिणीची खासगी पेढी असते. कापसाचे पैसे घरधन्याच्या हाती पडतात; मुलाची वही आणि अडीनडीचे तेलमीठ मात्र बहुधा अंड्यांवर भागते. दारच्या आठ कोंबड्या दोन दिवसांत मेल्या, तर त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. पण एक पेढी बुडालेली असते.

निदानाची वेळ सकाळची. खुराड्याचे दार उघडताच निरोगी कोंबडी ढकलाढकली करीत बाहेर पडते. मागे राहून पिसे फुलवून पेंगते, ती आजारी. तिला प्रथम वेगळ्या डालग्याखाली ठेवावे आणि मग तपासावे. तुरा फिका पडला आहे की काळानिळा? गळ्याखालची पिशवी रात्रभरात रिकामी झाली आहे की अजून दगडासारखी घट्ट आहे? शीट कशी आहे? चांगली शीट घट्ट असते व तिच्यावर पांढरा थर असतो. पिलांच्या शिटेत रक्त दिसले, तर ती रक्ती हगवण होय. ओल्या जमिनीवर ती फैलावते. जागा कोरडी करून पशुवैद्याच्या सल्ल्याने पाण्यातून औषध दिले, तर पुष्कळ पिले वाचतात. तुऱ्यावर व डोळ्यांभोवती खपल्या आल्या, तर देवी. तिच्यावर औषध नाही. खपल्या स्वच्छ ठेवाव्या आणि चारापाणी तुटू देऊ नये.

खरी भीती मानमोडीची. 1926 साली हा रोग इंग्लंडातील न्यूकॅसल येथे व जावा बेटात ओळखला गेला आणि पुढे थोड्याच काळात कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे आढळला. म्हणून आपल्याकडे त्याला राणीखेत म्हणतात. कोंबडी चोच वासून श्वास घेते, हिरवट पातळ हगते, पंख लुळा पडतो, मान पिळवटते. लस न टोचलेल्या कळपातील बहुतेक पक्षी यात जातात. लसूण, हळद, तंबाखूचे पाणी हे सारे उपाय आम्ही पाहिले. त्यांनी पाजणाऱ्याचे समाधान होते, विषाणूचे काही बिघडत नाही.

येथे एक फसगत संभवते. गोचिडीमुळे होणाऱ्या एका तापातही हिरवी शीट होते आणि पाय लुळे पडतात. पण तो ताप पेनिसिलिनने बरा होतो. तेव्हा मर आली असे ठरवण्यापूर्वी रात्री कंदील घेऊन खुराड्याच्या भिंतीच्या भेगा पाहाव्या. ही गोचीड दिवसा भेगांत दडते व रात्री रक्त पिते. भेगा लिंपून चुना द्यावा. उवांसाठी राख व कोरडी माती यांचा खड्डा करून द्यावा. कोंबडी आपली आपण अंघोळ करते.

एका गोष्टीबद्दल मात्र आम्हांला बोलल्यावाचून राहवत नाही. मर दिसताच उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात नेण्याची रीत आहे. गरज आम्ही जाणतो. पण ती पाटी दुसऱ्या गावातील दहा घरच्या पेढ्या बुडवून येते. पक्षी एकाएकी पुष्कळ मरू लागले, तर घरी फाडून पाहू नयेत, खाऊ नयेत, दवाखान्यात कळवावे. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आला, तेव्हापासून ही सावधगिरी माणसांसाठीही आहे. मेलेला पक्षी विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात चुना घालून पुरावा.

मानमोडीवर एकच उपाय, तो म्हणजे आधी दिलेली लस. पहिल्या आठवड्यात पिलाच्या डोळ्यात लासोटाचा एक थेंब. सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बीची सुई. लस उन्हात मरते. म्हणून बाटली बर्फात आणावी, चार घरांनी मिळून आणावी आणि कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर संध्याकाळी त्याच बैठकीत संपवावी. उरलेली लस उद्यासाठी ठेवू नये.