जात्यावरच्या ओवीची कूळकथा

रेडिओवर गाणं लागलं की गीत कुणाचं, संगीत कुणाचं, हे आधी सांगतात. जात्यावरच्या ओवीचं तसं सांगता येत नाही. आईची ओवी लेकीनं सासरी नेली, तिथं जावेनं तिच्यात एक शब्द बदलला. कवयित्री म्हणाल तर त्या सगळ्याच.

ओवी जुनी किती? चालुक्य राजा सोमेश्वराचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकातला. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, असं त्यात लिहिलंय. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे पोथीत येण्याआधी ओवी बायांच्या तोंडी होती. हे कुणी फारसं सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

तिची चाल दगडानं घडवली. दोघी समोरासमोर बसून खुंटा धरतात. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं उचलायची, मध्येच जात्यात घास घालायचा. ओळ फेऱ्यात बसेना तर 'गं बाई' घालून बसवायची. आमच्या गटातल्या एका आजींना ओवी म्हणा म्हटलं, तर म्हणाल्या, "आधी जातं मांडा." खरंच, हात फिरायला लागल्यावर एकामागून एक ओव्या आल्या.

पहिल्या ओव्या देवाच्या, मग आईबापाच्या, भावाच्या, बाळाच्या. आणि मग सीतेच्या. पोथीत परटाच्या बोलण्यावरून सीतेला वनात धाडलं. ओवीत मात्र घरातलीच कैकयी कपट करते. सीतेकडून भिंतीवर रावणाचा अंगठा काढून घेते, बाकीचं चित्र स्वतः पुरं करते आणि रामाला दाखवते. सीता इथं राणी नाही, सासुरवाशीण आहे. जी बाई सासूसमोर तोंड उघडू शकत नव्हती, ती पहाटेच्या अंधारात सीतेचं नाव घेऊन आपलंच सांगत होती. ऐकणाऱ्या सासूलाही ते कळत असणार. तिनंही कधीतरी तेच गायलं होतं!

हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी आपल्या मुळशीच्या डोंगरातल्या गरीब बायांबरोबर काम केलं. त्या कामातून त्यांना या ओव्या भेटल्या. पुढं राज्यभरातून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर येतायत, गाणारीच्या नावागावासकट. मोबाईलवर आवाजही ऐकता येतो.

गावात गिरणी आली, हाताचे घट्टे गेले. ते बरंच झालं. नाचणी दळून खांदे भरून यायचे, ते दिवस कुणाला परत हवेत? पण आता जातं निघतं ते लग्नात हळद दळायला. तेव्हा आजीला जात्यावर बसवा, फोनवर आवाज भरून घ्या, तिचं आणि तिच्या माहेरच्या गावाचं नाव आधी बोलून घ्या. पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की अर्धा तास तेच ऐकू.