उंबरठ्यावरची वर्षं (भाग ७) : चारचौघांत

मुलगा तंबाखू खातो हे घरात कळतं, त्या दिवशी पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं. ‘आमचा तसा नव्हता हो, त्या अमक्याच्या नादी लागला.’ गल्ली ओलांडून त्या अमक्याच्या घरी जावं, तर तिथली आईही हेच सांगत असते, फक्त नावं उलटी. दोन्ही घरं आपल्या परीनं खरंच बोलत असतात.

मैत्री आधी की सवय आधी, हा प्रश्न संशोधकांनाही बरीच वर्षं छळत होता. कोलंबिया विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञ डेनिज कँडेल यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमधल्या मित्रांच्या जोड्या वर्षाच्या सुरुवातीला आणि वर्षाच्या शेवटी, अशा दोनदा तपासल्या. १९७८ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की दोन्ही गोष्टी घडतात आणि जवळपास सारख्याच जोरानं घडतात. मुलं आपल्यासारखा मित्र शोधतात. तो सापडला की हळूहळू आणखी त्याच्यासारखी होतात. आणि ज्याच्याशी जमत नाही त्याच्यापासून दूर होतात. म्हणून ‘त्याची संगत तोड’ असं फर्मान सोडून बाप मोकळा झाला, तरी मुलगा मोकळा होत नाही. त्याला त्या कट्ट्याकडे ओढणारं काहीतरी त्याच्या आतही असतं. एक मित्र सुटला तर तो तसाच दुसरा शोधतो.

मित्रांचा दबाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुणीतरी पुडी पुढे करून ‘घे की, एवढ्यानं काय होतं’ म्हणतोय असं चित्र येतं. असं घडतं. नाही म्हणणाऱ्याला ‘फट्टू’, ‘आईचं लेकरू’ म्हणून चिडवलंही जातं. पण बहुतेक वेळा कुणालाच काही म्हणावं लागत नाही. विदर्भातल्या एखाद्या पानटपरीमागे चार मुलं उभी असतात. एक जण प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घेऊन खर्रा घोटत असतो. पन्नी उघडते, तिघं चिमूट उचलतात. चौथ्याला कुणी आग्रह करत नाही, त्याच्याकडे कुणी बघतही नाही. तरी त्याचा हात पुढे होतो. तो का पुढे होतो, हे समजून घ्यायला हवं.

फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठात लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर गाडी चालवायची. पुढे सिग्नल पिवळा झालेला. गाडी जितकी पुढे न्याल तितके गुण जास्त, पण लाल दिवा लागताना गाडी चालू असली तर अपघात आणि गुण गेले. खेळणाऱ्यांचे तीन वयोगट होते : १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे. एकटी खेळत असताना शाळकरी मुलं मोठ्यांपेक्षा फार वेगळी खेळली नाहीत. शेजारी मित्र उभे केले तेव्हा मात्र त्यांची जोखीम एकदम वाढली. महाविद्यालयीन वयाच्या मुलांचीही वाढली, पण कमी. मोठ्यांच्या खेळात फारसा फरक पडला नाही.

पुढे २०११ साली जेसन चेन आणि स्टाइनबर्ग यांनी असाच खेळ मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात घेतला. मित्रांना शेजारच्या खोलीत बसवलं आणि खेळणाऱ्याला फक्त एवढंच सांगितलं की ते तुझा खेळ बघताहेत. तेवढ्यानं मुलांच्या मेंदूतले बक्षिसाची चव घेणारे भाग जास्त जागे झाले. मोठ्यांच्या मेंदूत तसं झालं नाही. याच गटानं २०१४ साली उंदरांवर केलेला प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. पौगंडावस्थेतले उंदीर बरोबरीचे उंदीर जवळ असताना एकटे असतानापेक्षा जास्त दारू प्यायले. प्रौढ उंदरांमध्ये हा फरक दिसला नाही. उंदीर एकमेकांना आग्रह करत नाहीत, चिडवत नाहीत, उद्या वर्गात तोंड कसं दाखवू अशी काळजीही त्यांना नसते. बरोबरीच्यांचं जवळ असणं एवढंच पुरतं.

गेल्या आठवड्यात झोपेबद्दल बोलताना आपण मेंदूच्या वाढीचा क्रम पाहिला होता, तो इथंही लागू होतो. आनंदाची, नव्या अनुभवाची ओढ लावणारी यंत्रणा वयात येताना लवकर तापते. थांब, विचार कर, असं सांगणारा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला विशी उलटते. मधल्या वर्षांत मित्रांची नुसती उपस्थिती ही ओढ आणखी वाढवते. म्हणून घरी शांतपणे विचारलं तर मुलगा तंबाखूचे दुष्परिणाम घडाघडा सांगतो, आणि तोच मुलगा संध्याकाळी कट्ट्यावर वेगळं वागतो. तो ढोंगी नसतो. दोन्ही ठिकाणी तोच असतो, पण निर्णय घेणारी परिस्थिती वेगळी असते. यात एक दिलासाही आहे. १४ ते १८ या वर्षांत मित्रांसमोर स्वतःच्या मतावर टिकून राहण्याची ताकद सतत वाढत जाते, असं स्टाइनबर्ग आणि कॅथरीन मोनाहन यांना २००७ साली आढळलं. सातवी-आठवी-नववी ही वर्षं सर्वांत नाजूक. तेवढी निभावली तर पुढचं काम बरंच सोपं होतं.

आणखी एक गाठ आहे, ती समजुतीची. प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ साली विद्यार्थ्यांना दारूबद्दल विचारलं. बहुतेकांना मनातून त्या पिण्याविषयी अस्वस्थता होती, पण प्रत्येकाची समजूत होती की इतरांना त्याचं काही वाटत नाही. प्रत्येक जण गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्यातूनच ‘सगळे करतात’ हा समज पक्का झाला. टपरीमागच्या त्या चौघांतही कदाचित दोघांना घशाशी जळजळ होत असेल, घरी कळेल म्हणून धास्ती असेल. पण ते बोलायचं कुणी?

आपल्याकडचे आकडे बघा. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. म्हणजे शंभरातली ९१-९२ घेत नव्हती. हा आकडा वर्गातल्या मुलांना सांगायला हवा, कारण ‘सगळे खातात’ ही त्यांची समजूत त्यातून ढिली होते. त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मात्र आपल्यासारख्या मोठ्यांसाठी आहे. बिनधुराचा तंबाखू घेणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त, ५२ टक्के, मुलांनी वयाच्या दहाव्या वर्षाआधीच सुरुवात केली होती. दहाव्या वर्षाआधी मुलाला कट्टा नसतो, टोळकं नसतं. तेव्हा त्याला असतं घर. आजीची मशेरी, बापाची चुन्याची डबी, ‘जा रे, कोपऱ्यावरून एक पुडी घेऊन ये’ म्हणून हातात ठेवलेले पैसे. मित्रांना दोष देण्याआधी हे आठवायला हवं.

नुकसान काय होतं, हे थोडक्यात सांगतो. सुपारी निरुपद्रवी आणि तंबाखूच तेवढा वाईट, असा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं. कर्करोगाच्या आधी येणारा आजार तरुण वयातच दिसू लागतो. तोंडाच्या आतलं अस्तर पांढुरकं आणि ताठ होतं, तिखट सोसत नाही, जबडा उघडेनासा होतो. उभी तीन बोटं तोंडात मावत नाहीत अशी मुलं दंतवैद्यांना भेटतात. ताठ झालेलं अस्तर पुन्हा पूर्वीसारखं होत नाही. निकोटिनची गोष्टही वयाशी जोडलेली आहे : वाढत्या मेंदूला त्याची चटक लवकर लागते आणि ती सुटायला जास्त त्रास देते.

मग शाळा काय करते? बहुधा दोन गोष्टी. वर्षातून एकदा पाहुणे बोलावून कुजलेल्या जबड्यांची चित्रं दाखवते. माहिती हवीच, तिचा उपयोगही होतो. पण वीस वर्षांनी होणाऱ्या आजाराची भीती चौदा वर्षांच्या मुलाला आज संध्याकाळी एकटं पडण्याच्या भीतीपुढे टिकत नाही. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. पकडलेली सगळी मुलं एकत्र करून त्यांना वेगळं बसवायचं, ‘सुधारणा वर्ग’ घ्यायचा, मागच्या बाकांची वेगळी तुकडी पाडायची.

याचा अनुभव अमेरिकेनं घेतलेला आहे. ओरेगॉनमध्ये टॉमस डिशियन यांनी १३-१४ वर्षांच्या मुलांच्या, मित्राबरोबरच्या गप्पांचं चित्रीकरण केलं. काही जोड्यांत नियम मोडण्याच्या गोष्टी निघाल्या की दुसरा खळखळून हसायचा, आणि त्या हसण्यावर पहिला आणखी रंगायचा. ज्यांच्या गप्पांत असं हसू जास्त होतं, ती मुलं पुढे तंबाखू, दारू, गांजाकडे जास्त वळलेली आढळली. याच डिशियननी आणि सहकाऱ्यांनी बिघडण्याच्या वाटेवरच्या मुलांसाठी गटवर्ग घेतले होते. वर्ग चांगल्या हेतूनं, शिकलेल्या माणसांनी चालवले. पुढे पाहिलं तर त्या वर्गांना बसलेल्या मुलांचं धूम्रपान उलट वाढलं होतं. १९९९ साली जोन मॅककॉर्ड आणि फ्रान्स्वा पुलाँ यांच्यासह त्यांनी हे मोकळेपणानं लिहिलं. मॅककॉर्ड यांच्याकडे तर त्याहून जुना पुरावा होता : १९३९ मध्ये बोस्टनजवळ सुरू झालेल्या एका मोठ्या उपक्रमात ज्या मुलांना उन्हाळी शिबिरांना वारंवार पाठवलं, त्यांचं तीस वर्षांनी जास्त वाईट झालेलं आढळलं. स्वतःचा उपक्रम अपायकारक ठरला हे जाहीरपणे मांडणाऱ्या या संशोधकांचे आपण ऋणी आहोत. आपल्या शाळांनी तरी ती चूक नव्यानं करू नये.

ज्या ओढीनं मुलं बिघडतात, तीच ओढ त्यांना सावरूही शकते. इंग्लंडचा पश्चिम भाग आणि वेल्समधल्या ५९ शाळांत एक साधा उपाय तपासला गेला. १२-१३ वर्षांच्या मुलांनाच विचारलं, तुमच्यात कोणाचं ऐकलं जातं? शिक्षकांची लाडकी, पहिल्या बाकावरची मुलं निवडली नाहीत. ज्यांना मुलं मानतात ती निवडली. त्यांना दोन दिवस प्रशिक्षण दिलं आणि सांगितलं की भाषण देऊ नका, जेवताना, बसमध्ये, खेळताना सहज बोला. दहा आठवडे हे चाललं. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात हा उपाय झालेल्या शाळांतल्या मुलांची धूम्रपानाकडे वळण्याची शक्यता सुमारे एक पंचमांशानं कमी भरली. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं.

भारतातलं काम तर याहून जवळचं. दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांमध्ये २००४ ते २००६ या काळात सहावी आणि आठवीच्या मुलांसाठी ‘मैत्री’ नावाचा उपक्रम झाला. वर्गातले खेळ आणि चर्चा मुलांच्याच म्होरक्यांनी चालवल्या, भिंतीवर चित्रं लावली, घरी पालकांना पोस्टकार्डं गेली, आणि शाळेबाहेरच्या तंबाखूविरुद्ध मुलांनीच आवाज उठवला. दोन वर्षांत उपक्रम नसलेल्या शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला. उपक्रम झालेल्या शाळांत तो १७ टक्क्यांनी घटला. विशेष म्हणजे सुरुवातीला सहावीतल्या मुलांत तंबाखूचं प्रमाण आठवीतल्यांपेक्षा जास्त निघालं होतं. म्हणजे काम सहावीपासूनच सुरू करायला हवं, दहावीच्या निरोपसमारंभात नव्हे.

घरासाठी माझं सांगणं असं आहे. मुलाच्या मित्राला शिव्या घालू नका. त्याला घरी बोलवा, जेवू घाला, त्याचं नाव, त्याचं घर, त्याची परिस्थिती माहीत करून घ्या. मित्र उंबऱ्याच्या आत आला की दोन्ही मुलं तुमच्या नजरेत राहतात. मुलाला ‘नाही’ म्हणण्याचं एक वाक्य घरी बसून तयार करून द्या आणि त्याच्याकडून ते दोन-तीनदा बोलून घ्या. ‘कोच वास घेतो रे’, ‘बाप घरातून काढेल’, ‘तोंड आलंय माझं’ असं काहीही चालेल. तुमच्या नावावर खुशाल खापर फोडू द्या. चारचौघांत त्याची लाज राखून त्याला बाहेर पडता यायला हवं. आणि तो खरं सांगायला आला, तर त्या वेळी हात उगारू नका. पुन्हा तो तुमच्याकडे येणार नाही, कट्ट्यावर जाईल.

कायदा आपल्या बाजूनं आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, तंबाखूची विक्री करता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तुमच्या शाळेच्या फाटकापासून जवळची टपरी किती पावलांवर आहे, हे या आठवड्यात मोजा आणि पुढच्या पालकसभेत विचारा. ज्या मुलाला सोडायचंय, त्याच्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक आहे आणि त्यावरचा फोन फुकट आहे.