निदानापुढचं प्रश्नचिन्ह

वणीच्या कोळसा खाणीतला कामगार, जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत दिवसभर उभी राहणारी बाई आणि यवतमाळ शहरातला एखादा मास्तर. तिघांचाही खोकला महिना-महिना हटत नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, या खोकल्यांची घरं वेगवेगळी आहेत. कोळशाच्या धुळीने फुप्फुस निकामी झालं तर जे ६०, सिलिकाने झालं तर जे ६२, कापसाच्या धुळीने जे ६६.०. क्षय असेल तर ए १५ किंवा ए १६. आणि मास्तरांना जो आजार असू शकतो पण ज्याचं नावही त्यांनी ऐकलेलं नसतं, त्या सारकॉइडोसिसला डी ८६.

या आजारात शरीराच्या बचावपेशी एकत्र येऊन बारीक गाठी तयार करतात. क्षयातही तेच होतं. फरक असा, की क्षयात गाठीमागे जंतू असतो आणि तिचा मधला भाग बहुधा मरून जातो. सारकॉइडोसिसच्या गाठीत जंतू सापडत नाही आणि मधला भाग सहसा शाबूत राहतो. का होतो, हे जगात कुणालाच नीट उलगडलेलं नाही. दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी असलेल्या लसिका ग्रंथी सुजणं ही त्याची ठळक खूण. शिवाय डोळे, त्वचा, क्वचित हृदयही. ताप, खोकला, वजन घटणं, एक्स-रेवर सावल्या हे सगळं पाहून आपल्याकडचा कुठलाही डॉक्टर आधी क्षयाचाच विचार करेल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पण दोघांची औषधं परस्परविरुद्ध आहेत. सारकॉइडोसिसवर, गरज पडली तर, स्टेरॉइड देतात. क्षयाच्या रोग्याला नुसतं स्टेरॉइड दिलं तर क्षय भडकतो. उलट सारकॉइडोसिसच्या रोग्याला क्षयाच्या गोळ्यांचा उपयोग शून्य, यकृताला धोका मात्र पुरेपूर. खात्री करायची तर दुर्बिणीतून ग्रंथीचा तुकडा काढून तो तपासावा लागतो. झरी जामणीहून आलेल्या मजुराला ‘पुढच्या आठवड्यात पुन्हा या’ म्हणणं सोपं. त्याचा रोज बुडतो.

मग डिस्चार्ज कार्डावर डॉक्टर लिहितात ‘कॉक्स’, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह. कॉक्स म्हणजे क्षय, दवाखान्यातल्या बोलीत. ते कार्ड कोड लावणाऱ्याकडे जातं, आणि खरी गंमत तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आयसीडी-१० साठीचा नियम सांगतो, की रुग्ण घरी जाताना निदान ‘संशयित’ असंच लिहिलेलं असेल आणि अधिक माहिती नसेल, तर ते सिद्ध झालं असं धरून कोड लावायचा. प्रश्नचिन्ह गळून पडतं. उरतो ए १६, जंतूंच्या किंवा तुकड्याच्या तपासणीने सिद्ध न झालेला क्षय. कोड म्हणजे जमिनीचा गट क्रमांक. एकदा लागला की पुढचे सगळे कागद त्याच नावाने निघतात.

हेच वर्गीकरण दुसरीकडे मात्र शंकेला जागा देतं. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना याच यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, अनेक दगावले. कीटकनाशकाच्या विषबाधेला टी ६०. त्याच्या जोडीला अपघात असेल तर एक्स ४८, स्वतःहून घेतलं असेल तर एक्स ६८, आणि हेतू ठरवता येत नसेल तर वाय १८. ‘ठरवता येत नाही’ याला स्वतंत्र खण! छातीतल्या गाठी क्षयाच्या की सारकॉइडोसिसच्या, या शंकेला तो मिळालेला नाही.

खुद्द सारकॉइडोसिसचंही घर हललेलं आहे. आयसीडी-९ मध्ये त्याचा क्रमांक १३५ होता आणि तो संसर्गजन्य आजारांच्या प्रकरणात होता, क्षय आणि कुष्ठरोगाच्या पंगतीला. दहाव्या आवृत्तीने त्याला उचलून रक्ताच्या आणि प्रतिकारव्यवस्थेच्या आजारांत ठेवलं. विदर्भाला चांगला ठाऊक असलेला सिकलसेल, डी ५७, त्याच प्रकरणात आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत सारकॉइडोसिस ४बी२० झाला आणि प्रतिकारव्यवस्थेच्या स्वतंत्र प्रकरणात गेला.

क्षयाची नोंद सरकारला कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे; सरकारच्या निक्षय पोर्टलवर नाव चढतं, पोषण आहारासाठी महिन्याला पैसे मिळतात, ते नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ऐवजी १,००० रुपये झाले. हे चांगलंच आहे. सारकॉइडोसिसच्या नावाने अशी नोंदवही नाही, त्यामुळे जिल्ह्यात त्याचे रुग्ण किती हे मोजायचं तर कोडांवरच विसंबावं लागतं.

आणि सारकॉइडोसिसला क्षय समजण्याची ही चूक स्वतःला झाकते. सारकॉइडोसिस पुष्कळदा औषधाशिवाय, आपोआप ओसरतो. क्षयाच्या सहा महिन्यांच्या गोळ्या चालू असतानाच तो ओसरला, तर श्रेय गोळ्यांना जातं. मास्तरांचं वजन वाढतं, खोकला थांबतो, उपचार पूर्ण झाल्याची नोंद होते. शंका घ्यायला कारणच उरत नाही.

दोन वर्षांनी त्यांचा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर ते नेत्र विभागात जातील. सारकॉइडोसिसमुळे डोळ्याला येणाऱ्या अशा दाहासाठी आयसीडी-१० मध्ये डी ८६.८ आणि एच २२.१ अशी जोडी आधीच दिलेली आहे. ती केसपेपरवर उमटायची तर डोळ्याच्या डॉक्टरांना छातीचा जुना एक्स-रे मागावा लागेल.